खंडेनवमीला खोचलेली वायर

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, आपल्याला एक टेबल देतील, टेबलावर कंप्युटर असेल आणि मी त्यात काहीतरी भारी काम करीन. सरांनी हातात शिडी दिली. म्हणाले, ही रिक्षात पूर्ण बसत नाही, टोक बाहेर काढून घट्ट धरून बस. झालं. नेटवर्क इंजिनिअर म्हणून माझी सुरुवात झाली ती नाशिकमधल्या द्वारकेच्या चौकातून रिक्षाबाहेर शिडी धरून, आणि ओळखीच्या कुणी बघू नये म्हणून ओढणी तोंडावर गुंडाळून.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. कारखाने, दवाखाने, वकिलांची ऑफिसं, सगळीकडे कंप्युटर येऊन बसले होते आणि ते एकमेकांना जोडून देण्याचा नवा धंदा निघाला होता. मी नाशिकच्याच पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. आमची कंपनी म्हणजे द्वारकेला टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. त्यात सर, एक सिनियर आणि मी. सिनियर मनमाडचा, रेल्वेवाल्यांच्या घरातला. रोज गाडीने ये-जा करायचा आणि गाडी लेट झाली की तो राग इकडे येऊन माझ्यावर काढायचा. मी पण काही कमी नव्हते. मी म्हणायचे, गाडी तुमच्या घरच्यांची, आणि बोलणी आम्ही खायची होय?

सगळ्यात खालची मी, त्यामुळे हातापायाची कामं माझी. पत्र्याखालून वायर ओढायची, भिंतीला क्लिपा ठोकायच्या, वायरीच्या टोकाला प्लास्टिकचा इवलासा कनेक्टर बसवायचा. त्या वायरीत आठ बारीक रंगीत तारा असतात. त्या ठरलेल्या क्रमानेच लावायच्या, एक जरी इकडची तिकडे झाली तरी सगळं मुसळ केरात. सुरुवातीला मी एवढे कनेक्टर वाया घालवले की सर मला बघून कनेक्टरांचा डबा कपाटात ठेवायला लागले. प्रत्येक वायरीला टेप गुंडाळून त्यावर पेनाने ती कुठून आली, कुठे जाते ते लिहायचं. गिऱ्हाइकाचा फोन आला की आधी फोनवरच विचारायचं, डब्यावर हिरवा दिवा लागलाय का? हा डबा म्हणजे स्विच. ऑफिसातल्या सगळ्या कंप्युटरच्या वायरी त्याच्या छिद्रांत येऊन बसतात आणि कुणाचा निरोप कुणाकडे पोचवायचा ते तो बघतो. आम्हीही त्याला डबाच म्हणायचो.

शिडीवर चढलेली मुलगी बघायला लोक हमखास जमायचे. एकदा अंबडच्या कारखान्यात एका सुपरवायझरने मला खालून विचारलं, मॅडम, तुमचा माणूस कधी येणार? मी म्हटलं, माणूस आलेला आहे, तुम्ही शिडी धरा. त्याने मुकाट्याने धरली. त्या उत्तरावर मी पुढे आठवडाभर खूश होते.

सरांचे नियम दोनच. बिघाडापाशी गेल्यावर लगेच हात घालायचा नाही, आधी हाताची घडी घालून नुसतं बघायचं. आणि बिघाड सापडला की गिऱ्हाइकाला खरं कारण सांगायचं. चूक आपली असेल तर आपली म्हणून, त्यांची असेल तर त्यांची म्हणून. ‘काहीतरी झालं होतं, आता झालं नीट’ असं पुटपुटून निघालीस तर ते पुन्हा दारात उभं करणार नाहीत, असं ते म्हणायचे. पहिला नियम मला जड जायचा, कारण माझा स्वभाव उतावळा. दुसरा सोपा वाटायचा, कारण मी तशीही तोंडाची फटकळ.

घरी मात्र वेगळंच शिजत होतं. डिप्लोमाचा निकाल लागल्यापासून आईने मावशीला कामाला लावलं होतं आणि मावशी दर पंधरवड्याला एक स्थळ घेऊन हजर. मुलगा ओझरला विमानाच्या कारखान्यात, मुलगा सिन्नरला, मुलाची द्राक्षबाग. मी आदळआपट केली, आईने अबोला धरला. शेवटी नाना मध्ये पडले. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. त्यांनी तोड काढली की दिवाळीपर्यंत नोकरी पक्की झाली तर वर्षभर कुणी लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही झाली, तर येईल त्या पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बश्या घेऊन बसायचं, तोंड वाकडं न करता. आईने कबूल केलं. मीही केलं, दुसरं करते काय? इकडे सरांनीही दिवाळीचाच वायदा केलेला. तू शिकाऊ आहेस, दिवाळीच्या आत एखादं काम एकटीने निभावून दाखव, मग तुला पक्कं करतो. मला ती नोकरी फार हवी होती. शिडीसकट, धुळीसकट हवी होती.

नाना सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होते. मूळचे निफाडकडचे, बोलणं तिकडचंच, शहरात एवढी वर्षं काढून ते काही बदललं नाही. गंमत म्हणजे त्याच कारखान्याचं नेटवर्कचं काम सरांना मिळालं आणि गणपतीच्या सुमारास सिनियर आणि मी ते करून आलो. एक डबा ऑफिसात, एक डबा पलीकडच्या डिस्पॅचच्या शेडमध्ये उंच भिंतीवर, आणि दोघांना जोडणारी लांब वायर. मी शेडमध्ये क्लिपा ठोकत होते तेव्हा नाना आपल्या दोस्तांना एकेक करून आणून दाखवत होते. हे समदं माझ्या पोरीनं ठोकलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. त्यांचं मात्र चालूच. एक जण म्हणाला, क्लिपा छान सरळ आल्यात, तर नाना म्हणाले, लेव्हल माझीच वापरलीया.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडच्या कारखान्यांत दुपारनंतर मशिनं बंद होतात. ज्याचं मशिन त्याने घासूनपुसून लख्ख करायचं. तेलकट भाग रॉकेलच्या फडक्याने, बाकी ओल्या फडक्याने. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, पेढे. एकदा पूजा झाली की त्या मशिनला दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नाही, बटणसुद्धा दाबत नाही. हल्ली कंप्युटरलाही हार असतो. त्या वर्षी कारखान्यातल्या कंप्युटरांचा पहिलाच दसरा होता, त्यामुळे त्यांनाही मशिनांइतकाच मान मिळाला आणि सगळे बंद करून कुंकू लावलं गेलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकेच्या ऑफिसात मी एकटीच होते. सर कळवणकडे गावी गेलेले, तिथे फोन लागत नव्हता. सिनियर मनमाडला रजेवर. फोन वाजला, सातपूरहून. कारखाना सुरू झालाय, कंप्युटर सुरू झालेत, पण एकही एकमेकांशी बोलत नाही. सगळं ठप्प. मी येते म्हटलं, आवाज शक्य तितका सिनियरसारखा काढला आणि फोन ठेवून हत्यारांची पिशवी उचलली.

कारखान्याच्या गेटवर माल भरलेला ट्रक उभा होता. पुण्याला जायचा होता. पण बिल आणि गेटपास आता कंप्युटरमधून निघायचे, हाताने करायची पद्धत त्यांनी बंद करून टाकलेली. कारखान्याचे मॅनेजर शांत स्वभावाचे, त्या दिवशी मात्र तापलेले होते. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. दुपारपर्यंत सुरू झालं नाही तर मुंबईची पार्टी बोलावतो, म्हणाले, आणि तुमच्या सरांना सांगतो की शिकाऊ मुलीकडून कच्चं वायरिंग करून घेतलंत. मी मान हलवली. डोळ्यांसमोर पोह्यांच्या बश्या आल्या, खरंच आल्या.

ऑफिसातला डबा बघितला. एरवी त्याच्यावरचे दिवे आपापल्या लयीत लुकलुकतात, कुणी आत्ता, कुणी मग. आज सगळे एकदम, वेड लागल्यासारखे. बंद करून चालू केला. क्षणभर गप्प बसला आणि पुन्हा तेच. मग शेडमध्ये गेले. तिथे नानांनी आधीच शिडी लावून ठेवली होती आणि स्वतः ती धरून उभे होते. आजूबाजूला त्यांचे दोस्त होतेच. भिंतीवरचा डबा कपाळभर कुंकू आणि झेंडूचा हार घालून नवरदेवासारखा बसलेला, आणि त्याचेही दिवे थयथय नाचत होते.

आधी वाटलं, हाराने झाकून डबा तापला असेल. हार काढला, काही फरक नाही. दुसरा संशय माझ्याच कनेक्टरांवर होता. गणपतीत घाईघाईत बसवलेले, त्यांतलाच एखादा सैल झाला असेल तर मॅनेजर म्हणतात तेच खरं ठरणार. एकेक ओढून बघितला. सगळे घट्ट. खालून नाना म्हणाले, सावकाश बघ, ट्रकवाला चहा पितोय. मला एवढी चिडचिड झाली. मग शिडीच्या वरच्या पायरीवर टेकून हाताची घडी घातली आणि नुसती बघत बसले.

थोडा वेळ गेल्यावर दिसलं. डब्याचं एक छिद्र रिकामं असायला हवं होतं, ते भरलेलं होतं.

कारखान्यात उंदीर वायरी कुरतडतात. म्हणून सिनियरची पद्धत होती की दोन डब्यांच्या मध्ये एकाऐवजी दोन वायरी टाकायच्या. एक कामाची आणि एक राखीव. राखीव वायरीचं ऑफिसकडचं टोक डब्यात बसवून ठेवायचं आणि शेडमधलं टोक मोकळं सोडायचं. कामाची तुटली तर मोकळं टोक लावलं की झालं. पण दोन्ही वायरी एकाच वेळी लागल्या तर पंचाईत. निरोप एका वायरीने जातो, दुसरीने परत येतो, पुन्हा जातो, त्याला थांबायचं ठिकाणच राहत नाही. बघता बघता असे फिरणारे निरोप सगळी वाट अडवतात आणि खऱ्या कामाच्या निरोपाला पुढे सरकायला जागा उरत नाही. त्या मोकळ्या टोकावर मी टेप लावून ‘राखीव, लावू नये’ असं लिहिलेलं होतं. आता टेप होती, पण कोरी. रॉकेलच्या फडक्याने शाई साफ निघून गेली होती.

आणि मला नवमीची संध्याकाळ आठवली. मी आणि आई तोरणासाठी झेंडू ओवत होतो आणि नाना चहा पिता पिता सांगत होते, तुझ्या डब्याची पूजा यंदा मीच केली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाय. लय धूळ व्हती. एक वायर बिचारी लोंबत व्हती, पूजेला बरं दिसंना, ती बी बसवून टाकली जागेवर. मी सुई ओवत हं म्हटलं होतं, कारण त्यांच्या बोलण्यातली कुठलीही लोंबती वायर तेव्हा मला महत्त्वाची वाटत नव्हती.

मी खाली बघितलं. नाना दोन्ही हातांनी शिडी धरून वर माझ्याकडे बघत होते. काळजी सगळी माझीच, स्वतःची काहीच नाही. त्यांना काही कल्पनाच नव्हती.

मी ती वायर उपसली. दिवे एकदम थंडावले आणि नेहमीसारखे लुकलुकायला लागले. थोड्या वेळाने ऑफिसातून निरोप आला की सुरू झालं, बिल निघतंय. खाली उतरले तर नानांचे दोस्त खूश, नाना तर विचारूच नका. तेवढ्यात मॅनेजर आले आणि त्यांनी विचारलं, काय झालं होतं?

मी म्हटलं, राखीव वायर कुणीतरी डब्यात लावली होती. त्यांनी विचारलं, कुणीतरी म्हणजे? तुमच्याच माणसाने लावून ठेवली असेल आणि आज उघडं पडलं असेल. वायरिंग तुमचं, वायर तुमची, आमची माणसं कशाला हात लावतील? ते म्हणाले, तुमच्या सरांशीच बोलतो मग.

आता माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसले तर दोष आमच्या कामावर येणार, म्हणजे माझ्यावर, आणि नोकरी गेली. बोलले तर ज्या माणसाने मला ही नोकरी करू दिली त्याची त्याच्याच कारखान्यात, त्याच्याच दोस्तांसमोर फजिती. तिथे त्यांनी आयुष्य काढलं होतं. मेंटेनन्सच्या माणसामुळे कारखाना बंद पडला, यापेक्षा मोठी नामुष्की त्यांना माहीत नव्हती. एवढी तोंडाची फटकळ मी, आणि शब्द फुटेना.

मग मी ती वायर नानांपुढे धरली आणि विचारलं, “नाना, ही वायर तुम्ही लावली का?”

“व्हय. लोंबत व्हती,” नाना म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. “म्हंजी, माझ्यामुळं बंद पडलं?”

“हो,” मी म्हटलं.

नानांनी वायर हातात घेतली, कोरी टेप अंगठ्याने चोळून बघितली. मग म्हणाले, का बंद पडलं ते नीट सांग. मी सांगितलं, दोन वायरी, निरोप कसा फिरत राहतो ते सगळं. त्यांनी फिटर ऐकतो तसं ऐकलं, मध्ये न बोलता. संपल्यावर दोस्तांकडे वळून म्हणाले, म्हंजी द्वारकेच्या चौकात समद्यांनी गोल गोल फिरत ऱ्हायचं, भाईर कुणी पडायचंच नाय. मग ते मॅनेजरांना म्हणाले, साहेब, चूक माझी हाय, पोरीच्या कंपनीची नाय. मॅनेजर मला म्हणाले, ठीक आहे, सरांना मी तसं सांगतो, आणि गेटपासावर सही करायला निघून गेले. ट्रक गेला. दोस्तांनी मात्र नानांना सोडलं नाही. फिटरनं फिट केलं आणि कारखान्याला फिट आली, असं दिवसभर चाललं. नाना हसत होते, पण त्यांचं हसणं मला ओळखता येतं, आणि ते तसलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून घरी निघाले. मांडीवर हत्यारांची पिशवी. एरवी ते वाटेत सतत बोलतात, त्या दिवशी अवाक्षर नाही. मला रडू येत होतं. नियम पाळला होता, बहुतेक नोकरीही वाचली होती, पण मला अजिबात चांगलं वाटत नव्हतं. वाटत होतं, कुणीतरी लावली असेल असं म्हणून सोडून द्यायला काय झालं होतं? पोह्यांच्या बश्या काय, धरल्या असत्या.

घरी आई वाटच बघत होती. मावशीचा फोन येऊन गेला होता, रविवारी पाहुणे येणार होते. दिवाळीला वेळ आहे अजून, पण बघून तर घेऊ, असं तिचं म्हणणं. मी काही बोलणार तोच नानांनी चप्पल काढता काढता सांगितलं, त्यांना नको येऊ म्हण.

आईने विचारलं, का, झाली का पक्की हिची नोकरी?

“ते हिच्या सरांना ठाऊक,” नाना म्हणाले. “आज माझ्यामुळं कारखाना बंद पडला. मी इचारलं, माझ्यामुळं का? ही चारचौघांत माझ्या तोंडावर हो म्हणाली. बाप हाय म्हणून खोटं नाय बोलली. लय वाईट वाटलं मला. पण अशा माणसाला कामावरून काढून पोहे करायला बसवायचं नसतं.”

एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले. मी तिथेच पिशवी धरून उभी. रडू आलंच शेवटी.

सरांनी मला पक्कं केलं ते दिवाळीच्या आधी, गावाहून आल्यावर. मॅनेजरांचा फोन त्यांना गेला होता. एका वाक्यात सांगितलं आणि दुसऱ्या वाक्यात शिडी घ्यायला लावली. पण आईला कुठे तेवढा धीर? तिने नाना बोलले त्याच संध्याकाळी मावशीला फोन लावला. मी स्वयंपाकघरात नानांसाठी चहा टाकत होते, तिचा आवाज ऐकू येत होता. एरवी कुणी विचारलं तर ती सांगायची, पोरगी जाते कुठेतरी शिकाऊ म्हणून, वेळ घालवायला.

“रविवारी नको आणू त्यांना,” ती मावशीला म्हणाली. “नाही गं, नकार कसला? मुलगी इंजिनिअर आहे, रविवारीसुद्धा बोलावून घेतात तिला. तिच्याशिवाय कारखाने सुरू होत नाहीत. त्यांना एवढी हौस असेल तर वर्षाने या म्हणावं.”

रविवारी मला कुणीही बोलावलेलं नव्हतं. नाना दारात ओल्या पायांनी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंडावर बोट ठेवलं आणि यावेळी मनापासून हसले.